संदर्भसूचीतले मानपान

आमच्या मेट्रनबाई पालघरजवळच्या शिरगावच्या. गावात कुणाकडे लग्न ठरलं की मुहूर्त काढून झाल्यावर मंडळी थेट बाईंच्या ओटीवर यायची, कारण पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर छापायचं हे त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणालाच कळत नसे. थोरल्या काकांच्या आधी धाकट्या मामांचं नाव गेलं म्हणून भर मांडवात रुसून बसलेली माणसं त्यांनी पाहिली होती आणि त्यांची समजूतही काढली होती. आधी आजोळ, मग सोयरे, मग गावकरी, आणि अगदी तळाला ‘आपले नम्र’ म्हणून घरची माणसं. बाईंनी लावून दिलेल्या पत्रिकेवर कुणी रुसल्याचं ऐकिवात नाही.

मी घाटावरची. मुंबईत शिकून बोईसरजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण तिथली बरीच माणसं अजून आहेत आणि माझ्याशी बोलतातही. शिक्षणाच्या बाबतीत माझी मान तेव्हा जरा जास्तच ताठ होती. शोधनिबंध कसा लिहावा, त्यात संदर्भ कसे द्यावेत, हे मी मुंबईत शिकून आले होते आणि ते कुणीतरी मला विचारावं म्हणून वाट बघत होते. कुणी विचारत नव्हतं. वॉर्डात तेवढी उसंतच नव्हती.

आमच्याकडे कारखान्यात भाजलेले कामगार यायचे, आणि ताडावरून पडून कंबर मोडलेली माणसंही यायची. ही दुसरी मंडळी महिनोन् महिने खाटेवर पडून असत. एकाच कुशीवर राहिलं की पाठीला जखमा होतात, आणि त्या चिघळल्या की मूळ दुखण्यापेक्षा त्याच जिवावर उठतात. उपाय एकच, थोड्या थोड्या वेळाने रोग्याची कूस बदलायची. पण आम्ही नर्सेस मोजक्या. रोग्यांची नातेवाईक मंडळी मात्र भरपूर, डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेली, खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिलेली. त्यांच्याकडे वेळ होता, घड्याळ नव्हतं.

मेट्रनबाईंनी एक पितळी घंटा आणली आणि वॉर्डातल्या आयाबाईच्या, म्हणजे आमच्या मावशीच्या, हातात दिली. रोग्याला दुखापतीच्या जागी धक्का न लागता कसं वळवायचं ते नातेवाइकांना शिकवलं. घंटा झाली की सगळ्यांनी एकदम उठायचं आणि आपापल्या माणसाची कूस बदलायची. महिन्याभरात मंडळी इतकी तयार झाली की एकदा डॉक्टर एका रोग्याच्या छातीला नळी लावून ऐकत होते, तेवढ्यात घंटा वाजली, आणि रोग्याच्या बायकोने आणि भावाने त्याला डॉक्टरांच्या हाताखालून वळवला. डॉक्टर नळीसकट पाठीशी. भेटायला आलेले लोकसुद्धा घंटा ऐकून जो समोर दिसेल त्याला वळवायला धावत. असे वळवले गेलेल्यांत एक-दोघांचं दुखणं तर नुसतं पोटाचं होतं. पण पाठीच्या जखमा कमी झाल्या, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

ते आमच्या डॉक्टरांनाही दिसलं. माणूस भला होता. त्यांनी मुंबईच्या एका सभेत या घंटेवर भाषण केलं आणि मेट्रनबाईंना ऐकायला मुद्दाम घेऊन गेले. भाषणाच्या शेवटी त्यांनी आपल्या साहेबांचे, ट्रस्टींचे, चित्रफिती दाखवणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानले, आणि मग म्हणाले, ‘व नर्सिंग स्टाफ.’ टाळ्या झाल्या. बाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी साडीला पिन लावता लावता मला म्हणाल्या, “आमाला नावं नाय काय गं? का आमी सगळ्या मिळून एक स्टाफ?”

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या. नर्सेसच्या एका संघटनेची वार्षिक पुस्तिका निघायची, तिच्यात फक्त नोकरीत असलेल्या नर्सेसचेच निबंध घेत. म्हणजे हा एकच अंक बाईंच्या हातात होता. त्यांनी ठरवलं, घंटेचा निबंध आपण लिहायचा, आणि वॉर्डातल्या प्रत्येकीचं नाव छापून आणायचं. एवढी वर्षं ज्या बाईंनी स्वतःसाठी साधी खुर्चीची गादी मागितली नव्हती, त्यांना पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं. आणि कुणीतरी मला विचारलं होतं. मी अशी खूश झाले म्हणता!

बाई मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. निबंध झकास झाला. संदर्भसूची मात्र बाई म्हणाल्या, “ती मी करते. याद्या लावायचं काम माझं.” मी हो म्हटलं आणि रजेवर घरी गेले. परत आले तोवर बाईंनी सूची करून, पालघरला टाईप करवून, निबंधाला जोडून पाठवूनसुद्धा दिली होती.

निबंध सूचीसकट परत आला. सोबत संपादकबाईंची दोन ओळींची चिठ्ठी होती, की निबंध उत्तम आहे पण संदर्भ नियमानुसार नाहीत, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर या अंकात घेता येणार नाही. मी सूची उघडली आणि हसू आवरेना. सगळ्यात वर दोन विलायती सर्जन, कारण ते सर्जन. त्यांच्या खाली फिजिशियन. मग प्राध्यापक. मग परदेशी नर्सेस, मग देशी नर्सेस. प्रत्येकाच्या नावामागे डॉक्टर, श्रीमती, सिस्टर असं जे लागू असेल ते. एका नावात नुसतं आद्याक्षर होतं, बाई का बुवा कळायला मार्ग नव्हता, तर तिथे ‘आदरणीय’. शिवाय ज्यांच्या पुस्तकातलं एक वाक्यही आम्ही घेतलं नव्हतं अशीही चार-पाच माणसं आत बसलेली.

“हे कोण?” मी विचारलं.

“त्यांची पुस्तकं आपण वाचली ना? मंग पान नको मांडायला?”

“बाई, ज्यांचं लिखाण निबंधात वापरलं त्यांचीच नावं द्यायची असतात. आणि क्रम आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, मग साल. डॉक्टर, श्रीमती काही लावायचं नाही.”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू रोग्याला उपाशी ठेवायला सांगत होते. “नुसत्या आडनावानं हाक मारतात काय कुनाला? शाळेतला मास्तर मारतो तशी? आनि ही काल शिकलेली पोरगी सर्जनच्या वर कशी बसेल?”

“तिचं आडनाव ए वरून आहे.”

“मुळाक्षरांना काय कळतंय!” बाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस दुपारच्या चहाला आमचं हेच चालायचं. मी एकेक नियम सांगायची आणि बाई त्यावर उलटतपासणी घ्यायच्या. पुस्तकाच्या नावापुढे गाव लिहायचं, हे ऐकून त्या प्रथमच खूश झाल्या. पत्रिकेत प्रत्येक नावापुढे मु. पो. असतंच. पण ते गाव लेखकाचं नव्हे, प्रकाशकाचं, असं कळल्यावर त्या पुन्हा बिघडल्या. “मानसाचं गाव नाय लिहायचं, छापखान्याचं लिहायचं?” तरी त्यांनी ते मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे लिहून आणलं, मु. पो. लंडन. मी मु. पो. खोडलं. बाईंनी ते खोडताना बघितलं आणि चहा अर्धा ठेवून उठल्या.

खरी चकमक झाली ती एका पुस्तकावरून. त्याला बरेच लेखक होते. मजकुरात अशा वेळी पहिल्याचं आडनाव लिहायचं आणि पुढे ‘एट अल’, असं मी सांगितलं. लॅटिन आहे, अर्थ ‘व इतर’.

बाईंचा चेहरा उतरला. “म्हंजे व नर्सिंग स्टाफ,” त्या म्हणाल्या.

 नियमाच्या बाजूने बोलायला मी नेहमी तयार असे, पण त्या दिवशी नियमाचा मला थोडा रागच आला. मग मी एवढंच म्हटलं, “बाई, सूचीत सगळ्यांची नावं देऊ. मजकुरात जागा वाचवायला तेवढं करावं लागतं. नाहीतर निबंध पुन्हा परत येईल आणि मग आपल्या कुणाचंच नाव छापून येणार नाही.”

हे त्यांना लागलं. त्यांनी सूची पुढे ओढली आणि एकेका माणसाच्या नावामागचं डॉक्टर, श्रीमती, सिस्टर स्वतःच्या हाताने काढलं. काढताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं मला शिव्या देताहेत, म्हणून कान दिला. त्या प्रत्येक लेखकाची माफी मागत होत्या.

सूची झाली आणि बाई सावरून बसल्या. “आता ऐक. पावन्यांची यादी तुमच्या रीतीनं झाली. निबंधाच्या वरची नावं आमच्या रीतीनं.”

त्यांनी कागद पुढे केला. सात नावं होती. पहिलं माझं. त्याखाली केरळहून आलेली सिस्टर. मग माकुणसारची, मग त्याहून जवळच्या घिवलीची, मग हॉस्पिटलच्या शेजारीच राहणारी एक. सहावं नाव मावशीचं, जिने आयुष्यात कधी निबंध पाहिला नव्हता. “घंटा कोन वाजवते?” बाईंनी मी काही बोलायच्या आतच विचारलं. आणि सगळ्यांत शेवटी, सातवं, बाईंचं स्वतःचं.

म्हणजे जी जितकी परकी ती तितकी वर. केरळवाली लांबची खरी, पण इथे मुरलेली; मी घाटावरची नवखी, सगळ्यांत परकी, म्हणून मान माझा. घरची यजमानीण तळाला.

मी हात जोडले. सांगितलं की निबंधात पहिलं नाव सर्वांत महत्त्वाचं असतं, काम तुमचं आहे, घंटा तुमची आहे, उद्या कुणी या निबंधाचा उल्लेख केला तर पहिल्याच नावाने करतील आणि बाकीच्या त्या ‘एट अल’मध्ये जातील. बाई शांतपणे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “घरच्या मानसानं आधी पानावर बसायचं नसतं गं. एवढं बी शिकवलं नाय तुमच्या मुंबईला?”

मी हार मानणारी नव्हे. कागद घेऊन मी स्वतः पालघरला गेले. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा एक टाईपवाला होता, लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचा आणि संदर्भसूची त्याने आधीही एकदा टाईप केली होती. तिच्यातून सगळे ‘डॉक्टर’ आणि ‘आदरणीय’ गेलेले बघून तो हळहळला. “अर्जात असं चालत नाय हां ताई,” म्हणाला. मी आवाज खाली आणून त्याला सांगितलं, वरच्या नावांत एवढा एक बदल करा, शेवटचं नाव पहिलं करा.

त्याने यंत्रावरचे हात काढून मांडीवर ठेवले. “अक्षर बाईंचं हाय ना?”

“हो.”

“मंग मी नाय हात लावनार. माझ्या बहिनीच्या लग्नाची पत्रिका बाईंनीच लावलेली. तिकडचे लोक भांडकुदळ, पन एक मानूस रुसला नाय.” आणि त्याने बाईंच्या क्रमाने सात नावं टाईप करून दिली, माझ्या नावामागे आपणहून सिस्टर जोडून. ते मला तिथेच बसून रबराने खोडावं लागलं.

अंक बाईंच्या निवृत्तीच्या आधी आला. त्या दिवशी वॉर्डात जे झालं त्याला बारसंच म्हणावं लागेल. बाईंनी प्रत्येकीला जवळ बोलावून तिचं नाव तिलाच वाचायला लावलं. मावशीला वाचता येत नव्हतं, तर तिचं बोट धरून नावावर ठेवलं. मावशी म्हणाली, “इतकी बारीक हाय मी?” सगळ्या हसल्या. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. बाईंनी आपलं नाव कुणाला दाखवलं नाही, पण पान उलटताना त्यांचं बोट तळाशी क्षणभर थांबलेलं मी पाहिलं. मला फार बरं वाटलं.

बाई निवृत्त होऊन शिरगावला वाडीत रमल्या. आमच्या वॉर्डातल्या मुलीही पांगल्या. पुढे मीही हॉस्पिटल सोडून पालघरला नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवायला लागले, आणि काय शिकवायला लागले असेन? संदर्भ देण्याची पद्धत. पोरी मला घाबरत. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम दिला तर मी पान परत करायची. मधल्या काळात नियम बदलले होते. आता आमच्याकडे जी पद्धत होती तिच्यात सूचीतसुद्धा सगळी नावं द्यायची नसत. सहापर्यंत द्यायची. सहाच्या वर लेखक असले, की पहिली सहा आणि पुढे एट अल.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. एका विद्यार्थिनीने पाठीच्या जखमांवर प्रकल्प केला होता. सूची तपासता तपासता माझी लाल शाई थांबली. आमचा निबंध होता. माझं आडनाव, मग केरळवालीचं, माकुणसार, घिवली, शेजारीण, मावशी. सहा झाले. पुढे स्वल्पविराम आणि एट अल.

मुलीची काही चूक नव्हती. नियमाप्रमाणे चोख होतं, मीच शिकवलं होतं. लॅटिनमध्ये ‘इतर’ म्हणजे पुष्कळ माणसं वाटतात. इथे ते इतर म्हणजे एकट्या मेट्रनबाई होत्या. ज्या बाईंना सगळ्यांची नावं हवी होती, सातजणींत फक्त त्यांचंच नाव गळलं होतं.  मला रडू येत होतं आणि स्वतःचा, बाईंचा, त्या टाईपवाल्याचा, सगळ्यांचा राग येत होता.

रविवारी मी ते पान घेऊन एसटीने शिरगावला गेले. दाखवावं की नाही हे वाटेत ठरत नव्हतं. बाई ओटीवर बसून सुपारी कातरत होत्या, केस पार पांढरे झालेले. समोर एक नवरा मुलगा आणि त्याचा बाप पत्रिकेचा मसुदा घेऊन बसले होते. मसुदा ठेवून घेऊन बाईंनी त्यांना वाटेला लावल्यावर मी पान पुढे केलं. म्हटलं, आपल्या निबंधाचा कुणीतरी आधार घेतलाय.

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. प्रत्येक नावापाशी थांबून ती सध्या कुठे आहे, तिला मुलं किती, हे मला सांगितलं. मावशीचं नाव आलं तेव्हा हात जोडले, ती गेली होती. मग म्हणाल्या, “आनि हे इतर कोन?”

“तुम्ही,” मी म्हटलं. “तुम्ही एकट्याच.” आणि नियम सांगायला लागले. पण तो अर्ध्यातच राहिला. मी म्हटलं, “मी तेव्हा सांगत होते ना तुम्हाला!”

 बाईंना लागलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि परत एकदा वरून खालपर्यंत नावं वाचली. “तुमी सगळ्या आल्या ना?” म्हणाल्या. “मावशीबी आली. मंग झालं की.”

मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पन हे काय! तुला सिस्टर लावलं नाय यांनी.”

“बाई, नियम...”

“तुजा नियम राहू दे तुज्याकडं. नुसत्या आडनावानं हाक मारतात काय कुनाला?” त्यांनी समोरच्या मसुद्यावरचं पेन उचललं आणि माझ्या आडनावामागे, ठसठशीत मराठीत, लिहिलं ‘सिस्टर’. मग दुसरीच्या मागे, तिसरीच्या मागे, असं करत पाचवीपर्यंत गेल्या. सहाव्या नावामागे ‘मावशी’. शेवटच्या दोन शब्दांपाशी आल्यावर पेनाला टोपण लावलं. मी पेन मागितलं, मला तिथे एक नाव लिहायचं होतं. त्यांनी ते दिलं नाही, मला फणसाचे गरे आणून दिले.

सोमवारी पानं वाटताना ती विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी आली. तिची सूची तशीच, एकही लाल खूण नाही, आणि मधेच ती निळी अक्षरं. ती भांबावली होती.

“मॅडम, हे सिस्टर वगैरे कुणी लिहिलंय?”

मी त्या ओळीच्या टोकाला, शेवटच्या दोन शब्दांवर, बोट ठेवलं.

“यांनी,” मी म्हटलं.